टूरच्या शेपटाकडून (हप्ता शेवटचा)

16 जुलै 2024, मंगळवार. नीम.

डिझेल 68 युरो. टोल 14. गाडी लावायला 9. पाण्याच्या दोन बाटल्या 5, हा सरळ दरोडा. कॉफी 2.20, दोन घोटांत संपली. (ही तक्रार मागच्या हप्त्यातही केली होती. कॉफीचा कप मोठा होईपर्यंत करणार.)

ऊन मरणाचं. सावलीसाठी दोन तास एका औषधाच्या दुकानाच्या कनातीखाली उभा राहिलो. शेवटी बाई बाहेर येऊन विचारू लागल्या तेव्हा खोकल्याच्या गोळ्या घेतल्या, 4.50.

टूर द फ्रान्सच्या सायकलपटूंआधी जाहिरातींचा ताफा येऊन गेला. मिळकत: टोप्या दोन, मॅडलिन केक तीन, चावीची साखळी एक, सॉसेजची पुडी एक. पुडी शेजारच्या पोराला दिली. मग दीड तास काही नाही. मग हेलिकॉप्टरचा आवाज, आणि पुढच्या वीस सेकंदांत सगळा घोळका समोरून फुर्रर्र. ग्रुइसांहून 188 किलोमीटर सायकल मारून आलेली माणसं, आणि माझ्या वाट्याला एकाचाही चेहरा नाही. भाचा म्हणाला, "मामा, हे घरी टीव्हीवर जास्त चांगलं दिसतं." त्याचं म्हणणं खोटं नाही.

पडद्यावर पाहिलं: शेवटच्या टप्प्यात गिरमाय पडला, फिलिपसन जिंकला. गुणांची हिरवी जर्सी गिरमायच्याच अंगावर आहे. इरिट्रियातल्या असमाराचा हा पोरगा यंदा तीन टप्पे जिंकलाय, आणि त्याआधी टूरचा टप्पा एकाही कृष्णवर्णीय आफ्रिकन माणसाने जिंकला नव्हता. इरिट्रियात इटालियनांनी सायकल आणली, ती पुढे तिथल्या लोकांनीच आपली केली. पडल्यावर उठून, फाटक्या जर्सीत तो रेषेपार आला. बरं वाटलं.

गुडघा दुखतोय. भाचा घोरतोय.

17 जुलै, बुधवार. न्वायेची खिंड.

उंची 1664 मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा 18 मीटर जास्तच, आणि इथे पार माथ्यापर्यंत डांबरी रस्ता. साडेसात किलोमीटरचा चढ, सरासरी आठ टक्क्यांचा. व्हॅन खालच्या गावात लावून चालत निघालो. पोलिसांनी रस्ता कधीचाच बंद केला होता. गुडघ्याने वाटेत दोनदा मला विचारलं की नक्की काय चाललंय.

चढावर मात्र शर्यत दिसते. इथे चाकांचा वेग माणसाच्या डोळ्याला झेपतो. कारापाज आला तेव्हा तोंड उघडं, दात दिसत होते, नजर कुठेच नव्हती. पुढे जाऊन टप्पा त्यानेच जिंकला. इक्वेडोरच्या माणसाने जिंकलेला टूरचा हा पहिला टप्पा. त्याच्यामागून एकूण आघाडीच्या पिवळ्या जर्सीतला पोगाचार असा गेला की जणू त्याला दूध आणायला पाठवलंय.

त्यानंतर लोक खुर्च्या मिटायला लागले. हे मला कळत नाही. शर्यत निम्मीसुद्धा पुढे गेलेली नव्हती! मागून दोघे-चौघे येत राहिले, आणि बऱ्याच वेळाने मोठं टोळकं. याला ग्रुपेट्टो म्हणतात. भरदार मांड्यांचे स्प्रिंटर, नायकाला बाटल्या पुरवून आणि वारा अडवून दमलेले मदतनीस, काल पडलेले, रात्री पोट बिघडलेले. एकट्याने घाट चढायला गेलं तर मुदत चुकते, म्हणून सगळ्या संघांचे मागे राहिलेले एकत्र येतात आणि एका लयीत चढतात. मुदत म्हणजे जिंकणाऱ्याच्या वेळेच्या वर ठरावीक टक्के. टप्पा किती अवघड आणि सरासरी वेग किती, त्यावर ते टक्के ठरतात. पुढचा जोरात गेला की मागच्याची मुदत आकसते. चुकली तर घरी. टोळकं मोठं असेल तर पंच कधीकधी माफ करतात, पण त्या भरवशावर कोणी चढत नाही.

खर्च: काहीच नाही. वर दुकानच नव्हतं. रात्री मॅगी.

18 जुलै, गुरुवार. बार्सेलोनेत गाव.

डिझेल 52. ब्रेड, चीज, जर्दाळू 11.30. कॉफी 2. टप्पा कांपेनार्ट्सने जिंकला. रेषेपलीकडे फोनवर तान्ह्या बाळाचं तोंड बघून ढसाढसा रडला. मुख्य घोळका दहा मिनिटांहून जास्त मागे, आरामात. गाव सुंदर. मेक्सिकोत जाऊन कापडाच्या धंद्यात पैसा केलेल्यांनी परतून बांधलेले मोठे बंगले. बघायला वेळ नाही, कारण रस्ता उघडल्यावर एक तास दहा मिनिटं गाडी जागची हलली नाही. झोप येतेय. बाकी उद्या.

19 जुलै, शुक्रवार. बोनेतच्या चढावर.

काल रात्रीच झोझिएहून वर येऊन व्हॅन लावली. थंडी अशी की कानटोपी, दोन स्वेटर आणि भाच्याची झोपायची पिशवी अंगावर घेऊनही दात वाजत होते. सकाळी रानात शिट्ट्या ऐकू आल्या. मला वाटलं पोलीस. भाचा म्हणाला, मार्मोट. खारीच्या जातीचं, पण मांजराएवढं जनावर, बिळाच्या तोंडाशी उभं राहून शिट्टी मारतं.

शेजारच्या कॅम्परमध्ये ब्रिटनीच्या एक आजी. एकट्याच. पंच्याहत्तरीच्या आसपास असाव्यात. मांडीवर वर्तमानपत्रातलं स्पर्धकांच्या क्रमांकांचं पान, हातात पेन्सिल. माझं फ्रेंच बॉंजूर-मेर्सीपुरतं, त्यामुळे भाचा दुभाषी. त्याला आधी कंटाळा होता, नंतर त्याला आजी जास्त आवडल्या आणि माझं भाषांतर करायचं विसरू लागला. आजींचे यजमान टपालखात्यात होते, दर जुलैत दोघं कॅम्पर घेऊन निघायचे. ते गेले. आजींनी निघणं बंद केलं नाही.

त्यांचं काम असं: जो सायकलपटू समोरून जाईल त्याच्या क्रमांकावर काट. पुढचे गेले की काट, घोळका गेला की भराभर काटा (जे निसटले ते त्या घरी जाऊन रेकॉर्डिंगवर बघतात), आणि मग उरलेल्यांची वाट. कागदावर कोण बाकी आहे ते त्यांना नेमकं ठाऊक. झाडूगाडी, म्हणजे शर्यतीच्या अगदी मागून येणारी, सोडून दिलेल्यांना उचलणारी गाडी, दिसेपर्यंत त्या खुर्चीतून उठत नाहीत. मी भाच्याला म्हटलं, विचार यांना, का? आजी म्हणाल्या, पहिल्याला बघायला जग आहे, त्यात माझी गरज काय!

मला एकदम बोरघाट आठवला. मुंबई-पुणे शर्यतीत 'घाटाचा राजा' होणारे भिडू आमच्या सांगलीकर डोळ्यांदेखत वळणाआड जायचे. खोपोलीच्या वर आम्ही जे मागे उरायचो त्यांना बघायला फक्त ट्रकवाले असायचे. एकदा टेम्पोत बसून लोणावळ्याला पोचलो होतो. हे आजींना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि मला ब्रेडचा मोठा तुकडा, बकरीच्या दुधाचं चीज आणि टोमॅटो दिला. मी भडंग काढला. आजींना तिखट लागला, डोळ्यांत पाणी आलं, पण दुसऱ्यांदा हात पुढे केला. तिसऱ्यांदाही. पुडा तिथेच ठेवून आलो.

इथे युरोपातला सर्वांत उंच रस्ता अशी पाटी आहे. आजींना ती मान्य नाही. त्यांच्या मते खरी उंच खिंड इझेराँची, 2764 मीटर. बोनेतची खिंड 2715 आहे, पण शिखराला वळसा घालणारा फाटा काढून यांनी 2802 गाठले. म्हणजे उंची चढवून घेतली. त्याच वळशावर 2008 साली ऑगस्टिन नावाचा दक्षिण आफ्रिकेचा पोरगा माथ्यावर पहिला पोचला आणि उतारावर वळण चुकून कड्याखाली घसरला. सायकल दरीत गेली, तो खरचटून वर आला. आजींनी हे हातांनी करून दाखवलं.

आणि मग शर्यत आली. पुढच्या टोळीत येट्स, जॉर्गेनसन, कारापाज. मागे पिवळी जर्सी. काटा, काटा, काटा. आजूबाजूच्या गाड्या सुरू व्हायला लागल्या. आजी बसून. मीही बसून. भाचाही, हे विशेष.

शेवटच्या टोळक्यांपैकी एकात आकाशी जर्सी दिसल्या आणि त्यांच्या मधोमध मार्क कॅव्हेंडिश. याच महिन्यात सँ-वुल्बासला 35 वा टप्पा जिंकून एडी मर्क्सला मागे टाकणारा माणूस, वय 39, आणि इथे तो एका ताटलीएवढ्या गिअरवर, मान खाली, संघातल्या पोरांच्या चाकाला चाक लावून चढतोय. मर्क्सचा विक्रम मोडायला काही सेकंद पुरले. तो मोडलेला घेऊन टूर संपते त्या नीसपर्यंत जायला हे असले डोंगर. कुणीतरी त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं. आजी उभ्या राहिल्या, पेन्सिल कानामागे खोचून टाळ्या वाजवल्या, परत बसल्या, काट मारली.

झाडूगाडी गेली. कागद घडी करून पर्समध्ये.

टप्पा पोगाचारचा. जॉर्गेनसनला टप्पा संपतो त्या इझोला 2000 गावाच्या अगदी तोंडाशी गाठला. हे रात्री कळलं. त्याहून आधी भाच्याने फोनवर शोधलं: कॅव्हेंडिश मुदतीत.

रस्ता उघडायला उशीर. बोनेत ओलांडून खाली, घाटात रांग, अंतीबला पोचायला रात्रीचे साडेबारा. डिझेल, टोल उद्या लिहीन.

20 जुलै, शनिवार. अंतीब.

लिहिले नाहीत. भाच्याच्या घरी आमटी-भात. गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी. नीसहून कुयोल खिंडीचा टप्पा टीव्हीवर पाहिला. परत पोगाचार, मागे व्हिंगगार्ड, तिसरा कारापाज. टीव्हीवाल्यांनी पहिले आले की मुलाखती लावल्या. मागच्यांचा एक फोटोसुद्धा नाही. भाचा म्हणाला होता टीव्हीवर जास्त चांगलं दिसतं. आता तोच फोनवर निकालाचं पान खाली सरकवत बसलाय. कॅव्हेंडिश पोचला. संघाचे सोबती पोचले.

21 जुलै, रविवार. नीस.

रेल्वे, मग चालत. गर्दी प्रचंड. पॅरिस ऑलिंपिकच्या तयारीत गुंतलेलं असल्याने टूर यंदा इतिहासात पहिल्यांदाच पॅरिस सोडून दुसरीकडे संपतेय, तीही घड्याळाविरुद्धच्या एकेकट्याच्या शर्यतीने. शेवटच्या दिवशी अशी शर्यत याआधी 1989 ला होती. तेव्हा लेमाँडने फिन्योंला एकंदरीत 8 सेकंदांनी हरवलं होतं. यंदा तशी काही धाकधूक नाही.

मोनॅकोहून ला त्युर्बी, एझ, आणि खाली समुद्रकाठाने मासेना चौक: 33.7 किलोमीटर. मी समुद्रकाठच्या कठड्याला टेकून. यात एक गोष्ट फार आवडली. एकेकट्याच्या शर्यतीत एकूण क्रमवारीतला शेवटचा माणूस सर्वांत आधी सुटतो. म्हणजे ज्यांना डोंगरात मी टोळक्यातून ओळखत होतो ते आज एकेकटे, रिकाम्या रस्त्यावरून, पुढे मोटारसायकल आणि मागे संघाची गाडी घेऊन आले. दुपारच्या उन्हात माणसं अजून जेवत होती, पण जी आली होती ती फक्त त्याच एका माणसासाठी ओरडत होती. कॅव्हेंडिश आला तेव्हा आरडाओरडा इतका की भाच्याने कान झाकले आणि ओरडलाही.

पोगाचारने हाही टप्पा घेतला, व्हिंगगार्डपेक्षा 1 मिनिट 3 सेकंदांनी. एकूण फरक 6 मिनिटं 17 सेकंद. एकाच वर्षी इटलीची जिरो आणि टूर, हे 1998 च्या पांतानीनंतर कुणाला जमलं नव्हतं. हिरवी जर्सी गिरमायची, डोंगरांची ठिपक्यांची जर्सी कारापाजची. उद्याचे सगळे पेपर याने भरतील.

फ्लॉरेन्सहून 176 निघाले, नीसला 141 पोचले. 141 वा कॅव्हेंडिशच्याच संघातला दाविदे बाल्लेरिनी, ज्याने नायकाची वाट बघत, त्याला वारा अडवत डोंगर पार केले.

हिशेब: एकंदर खर्च भाच्याच्या वहीत आहे, आणि तो मला वही दाखवत नाही.  वाचकांपैकी कुणी टूरला गेलं तर सपाट रस्त्यावर उभं राहू नका, चढ गाठा, पाणी घरून न्या, आणि झाडूगाडी जाईपर्यंत खुर्ची मिटू नका.