झडती आणि इज्जत

उर्दूत आम्ही 'तलाशी' म्हणतो, मराठीत 'झडती' म्हणतात. माझ्या वर्गात दोन्ही शब्द चालतात. मुली घरी एक भाषा बोलतात, बाजारात दुसरी, आणि शाळेत दोन्हींची खिचडी करतात. पण या दोन शब्दांची चव वेगळी आहे. तलाशी म्हणजे काहीतरी शोधणे. झडती म्हटली की पोलीस, पंचनामा आणि दारात जमलेले शेजारी डोळ्यांपुढे उभे राहतात. विमानतळावर आपली जी तपासणी होते तिला यातला कोणता शब्द लावायचा, यावर आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हजच्या दिवसांत हमखास चर्चा रंगते.

पुसद, उमरखेड, दिग्रस, दारव्हा, कुठलाही मोहल्ला घ्या. हजला जाणाऱ्यांना निरोप द्यायला नातेवाईक गाड्या करून नागपूरपर्यंत जातात. हाजी परत आले की झमझमचे पाणी आणि खजूर वाटता वाटता प्रवासाच्या गोष्टी निघतात. मग मते ऐकायला मिळतात. एक मत असे, की कर नाही त्याला डर कशाला? तपासू द्या. दुसरे मत तरुणांचे. दाढी-टोपी दिसली की यांचे मशीन जास्तच वाजते, असे ते म्हणतात. तिसरे मत बायकांचे. ते स्वयंपाकघरात दबक्या आवाजात मांडले जाते : परक्या माणसासमोर हात वर करून उभे राहायचे, अंग चाचपू द्यायचे, मग हया कुठे राहिली? मला या तिन्ही मतांत थोडे थोडे तथ्य वाटते. म्हणून हा विषय जरा नीट मांडावासा वाटला.

आधी हे मान्य केले पाहिजे, की ही तपासणी कुणाच्या लहरीतून आलेली नाही. अमेरिकेत विमाने पळवण्याची साथच आली, तेव्हा १९७३ च्या जानेवारीपासून प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान आयर्लंडजवळ समुद्रावर बॉम्बने उडाले. ३२९ माणसे गेली. बॉम्ब ज्या बॅगेत होता तिचा मालक विमानात चढलाच नव्हता. टोरांटोच्या विमानतळावर बॅगा तपासणारे क्ष-किरण यंत्र त्या दिवशी मध्येच बंद पडले होते. एक यंत्र बंद पडले आणि शेकडो घरांत मातम झाला. पुढे २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला येणारे विमान पळवून कंदाहारला नेले गेले. त्यात रुपिन कात्याल हा तरुण मारला गेला. त्यानंतरच आपल्याकडे विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे देण्यास सुरुवात झाली. २००० च्या फेब्रुवारीत पहिला मान जयपूरला मिळाला. विमानातला बॉम्ब कुणाचा मजहब विचारत नाही. ही तपासणी आपल्याही लेकरांच्या जिवासाठी आहे, हे विसरून चालणार नाही.

पण तपासणी हवी म्हटल्याने प्रश्न संपत नाही. ती कशी हवी, हा खरा प्रश्न आहे. माझ्या अम्मीच्या गुडघ्यात धातूचा सांधा बसवलेला आहे. काही वर्षांपूर्वी तिला मुंबईच्या डॉक्टरांना दाखवायला मी नागपूरहून विमानाने नेले. अम्मी चौकटीखालून गेली आणि ती चौकट किंचाळली. अम्मी घाबरली. बुरख्यातली बाई, त्यात यंत्र वाजलेले. रांगेतल्या चार माना वळल्या. मलाही धडधडले. पण तिथल्या महिला जवानाने अम्मीला पडद्याआड नेले, आतल्या स्टुलावर बसवले आणि हिंदीत विचारले, "अम्माजी, घुटने का ऑपरेशन हुआ है क्या?" अम्मीने मान हलवली. मग तिने हातातले यंत्र गुडघ्यावरून फिरवले, नकाब वर करून चेहरा ओळखपत्राशी ताडून पाहिला आणि सलवारीची घडी स्वतः सारखी करून दिली. दोन-तीन मिनिटांचे काम. बाहेर आल्यावर अम्मी म्हणाली, "बच्ची अच्छी थी. उसने पहले पूछा, फिर हाथ लगाया."

मला अम्मीचे हे वाक्य पुष्कळ दिवस पुरले. आधी विचारणे आणि मग हात लावणे. पडदा असणे, बाईची तपासणी बाईने करणे, कारण सांगणे. एवढ्याने झडतीची तलाशी होते.

आता दुसऱ्या मताकडे येऊ. २१ एप्रिल २००९ रोजी माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम दिल्लीहून अमेरिकेला निघाले होते. आपल्या नियमांनुसार माजी राष्ट्रपतींना या तपासणीतून सूट आहे. तरी कॉन्टिनेंटल एअरलाइन्सच्या कर्मचाऱ्यांनी त्यांची तपासणी केली. कलामसाहेब काहीही न बोलता सामोरे गेले. जुलैमध्ये संसदेत गदारोळ झाला तेव्हा देशाला कळले, आणि कंपनीने माफी मागितली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शाहरुख खानला नेवार्क विमानतळावर चौकशीसाठी थांबवून ठेवले. पुढे २०१२ आणि २०१६ मध्येही अमेरिकेत त्याच्यावर तीच वेळ आली.

आमच्याकडे ही दोन नावे एका दमात घेतली जातात. मला मात्र त्यांत फरक वाटतो. कलामसाहेबांच्या बाबतीत मोडली ती सवलत. सर्वांसारखे रांगेत उभे राहण्यात त्या थोर माणसाला कमीपणा वाटला नाही. उलट सूट असलेल्या बड्या लोकांची यादी आपल्याकडे एवढी लांब का, असे मला विचारावेसे वाटते. शाहरुखच्या बाबतीत 'खान' हे आडनाव संगणकाला खटकले, अशी त्याची स्वतःची तक्रार होती. सगळ्यांना थांबवले तर ती व्यवस्था झाली. नाव पाहून एकालाच थांबवले तर तो शक झाला. शक माणसाला आतून पोखरतो. शिवाय त्याने सुरक्षाही साधत नाही. नावावर नजर खिळली, की नजरेतून दुसरी बॅग निसटते.

हे मी केवळ वर्तमानपत्र वाचून लिहीत नाही. दहावीच्या परीक्षेत मला मुलींची झडती घ्यावी लागते. कॉपी पकडणे हे आम्हा शिक्षिकांच्या वाट्याला आलेले कडू काम आहे. माझी पद्धत ठरलेली आहे. बैठक क्रमांकाने रांग, पहिलीपासून शेवटचीपर्यंत, कुणालाही वगळायचे नाही. हेडमास्तरांची मुलगी असली तरी नाही. खोलीचे दार लोटलेले असते. आधी मुलीला स्वतःच खिसे उलटे करायला सांगते. अशी तपासणी झाली की एकही मुलगी रडत नाही. एका परीक्षा केंद्रावर मात्र मी वेगळे पाहिले. तिथे फक्त बुरख्यातल्या मुलींना रांगेतून बाजूला काढले गेले. कुणाकडेच काही सापडले नाही. त्यांतली एक मुलगी त्या दिवशी गणिताच्या पेपरात दोन पानांच्या पुढे गेली नाही. ती वर्गात पहिल्या पाचांत असायची. तिच्याकडून कॉपीचा कागद निघाला नाही, पण हिंमत मात्र काढून घेतली गेली. आम्ही शिक्षिकांनी केंद्रप्रमुखांपुढे हा विषय काढला. पुढच्या पेपरापासून सरसकट तपासणी सुरू झाली.

तिसऱ्या मताचाही जगभर विचार झालेला आहे. २००९ च्या नाताळच्या दिवशी डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात एकाने अंतर्वस्त्रात स्फोटके नेली. त्यानंतर कपड्यांआडचे पूर्ण शरीर दाखवणारी यंत्रे बसू लागली. फेब्रुवारी २०१० मध्ये उत्तर अमेरिकेच्या फिक्ह कौन्सिलने ही यंत्रे हयेच्या विरुद्ध असल्याचे सांगितले आणि शरीराची नुसती बाह्यरेषा दाखवणारी सोय करा, असे सुचवले. त्याच महिन्यात पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीही विमानतळांवर माणसाची प्रतिष्ठा जपा, असे सांगितले. शरीराच्या खासगीपणासाठी लढणाऱ्या, धर्माशी संबंध नसलेल्या संघटनाही बोलल्या. शेवटी अमेरिकेत कायदाच झाला, आणि २०१३ पर्यंत नागडे चित्र दाखवणारी यंत्रे विमानतळांवरून हटली. आता पडद्यावर साधी बाहुलीसारखी आकृती दिसते आणि शंकेच्या जागी चौकोन उमटतो. आपल्याकडे २०१९ मध्ये बॉडी स्कॅनर बसवण्याचा आदेश निघाला, त्यातही बाहुलीची आकृतीच ठेवली गेली. स्वयंपाकघरात दबक्या आवाजात बोलली जाणारी गोष्ट कुणीतरी मोठ्याने आणि कारणासह बोलले, म्हणून यंत्र सुधारले.

आता तपासणी अंगावरून चेहऱ्यावर आली आहे. डिसेंबर २०२२ पासून आपल्या विमानतळांवर 'डिजी यात्रा' सुरू झाली. कॅमेऱ्यात पाहिले की दार उघडते. ती ऐच्छिक आहे, असे सरकार सांगते. ती ऐच्छिकच राहावी, कारण नकाब घेणाऱ्या बाईला आणि साधा मोबाईल वापरणाऱ्या म्हाताऱ्याला दुसरी रांग मोकळी असलीच पाहिजे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. तो निकाल शिकलेल्यांनी तरी मोहल्ल्यात समजावून सांगायला हवा.

माझ्या काही विद्यार्थिनी आता नर्सिंगला, डी.एड.ला बाहेरगावी जातात. उद्या त्या विमानातही बसतील, इन्शाअल्लाह. त्यांना मी सांगते : तपासणीला घाबरू नका आणि लाजू नका. तीन गोष्टी पाहा. नियम सर्वांना सारखा आहे का, तपासणारी बाई आहे का, पडदा आहे का. तिन्ही असतील तर बेधडक हात वर करा. एखादी नसेल तर आवाज न चढवता त्यांच्या वरिष्ठांना बोलवा आणि तक्रार लेखी द्या, सही-तारखेसह. अर्ज कसा लिहायचा, ते मी तुम्हाला आठवीतच शिकवले आहे.