उजवीकडची

बाबांचा कॅमेरा आगफा क्लिक-थ्री. बडोद्याला तयार होणारा, १२० च्या रोलवर १२ चौकोनी फोटो देणारा. फोटो काढला की गुंडी फिरवून मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा आणायचा. ते राहिलं तर एकावर एक दोन फोटो बसत. ‘रोल फुकट घालवू नकोस,’ बाबा बजावत. १९८४ च्या मे महिन्यात मी ते मुद्दाम केलं.

सुट्टी लागली की साताऱ्यातली आमची आळी ओस पडे. पोरं मामाकडे जात. मी एकटीच भिकार-सावकार मांडून बसायची. त्यात हातातली पानं बघायची नसतात, नुसती उलटत जायची. म्हणून दोन्ही बाजू एकटीला खेळता येतात आणि लबाडी होत नाही.

त्या दिवशी कॅमेरा स्टुलावर ठेवला. मी ओसरीवर डावीकडे बसले, आईनं खटका दाबला. गुंडी न फिरवता उजवीकडे जाऊन बसले, तिनं पुन्हा दाबला. फोटो धुऊन आला तर समोरासमोर दोन मुली, हातात पानं, आणि दोघींच्याही अंगातून मागच्या खिडकीचे गज दिसताहेत. एकटीच्या फोटोंत मी चांगली भक्कम, हसरी आहे. सोबत मिळाली आणि विरघळले.

एकुलती म्हणजे लाडाची, असं सगळे म्हणत. ते खरंही होतं. आंब्यात वाटेकरी नव्हता. पण भाऊबिजेला आई मला गच्चीवर नेई. भाऊ नाही तिनं चंद्राला ओवाळायचं. द्वितीयेची कोर लवकर मावळते, म्हणून तबक सांभाळत आम्ही जिना घाईनं चढायचो. एकदा तिचाही फोटो काढला. काळ्या चौकोनात नखाचा ओरखडा उठावा, तेवढीच आली. ओवाळताना जे वाटायचं ते त्या फोटोत नेमकं आहे: कुणीतरी आहे, पण फार लांब, आणि आत्ता जाईल.

आता बाबा नाहीत. ते तबक पितळेचं होतं की चांदीचं, यावरून माझ्याशी भांडायला कुणी नाही. मी म्हणेन तेच खरं, आणि त्याचीच मला भीती वाटते.

आईला हल्ली माणसं ओळखू येत नाहीत. परवा तिला जुने फोटो दाखवत होते. तो दोघींचा तिनं बराच वेळ धरून ठेवला. चष्मा सारखा केला.

‘यातली धाकटी कुठली गं?’

मी उजवीकडच्या मुलीवर बोट ठेवलं.