मुरलेलं मोकळं होताना

मद्य म्हटलं की आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या कपाळाला आठ्या पडतात. माझ्या माहेरी काय, सासरी काय, ते कधी उंबऱ्याच्या आत आलं नाही. तरीही गेल्या वर्षी पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात मी जे दोन घोट चाखले, त्यांच्याबद्दल मैत्रिणींना सांगावंसं वाटतं.

पोर्तोत माझ्या वन्सं राहतात. १९९४ साली त्यांनी एका गोवेकर ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं. मामंजींनी त्या दिवशी लावलेलं दार ते हयात असेपर्यंत उघडलं नाही. हे तेव्हा सातवीत होते. मी सून म्हणून आले तेव्हा भिंतीवर वन्संचा एक फोटोसुद्धा नव्हता. मामंजी गेल्यावर फोन सुरू झाले, तेही सणावारी आणि दोन मिनिटांचे. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "तुम्ही दोघं जाऊन या. माझ्याच्यानं एवढा प्रवास व्हायचा नाही." आणि मेतकुटाचा डबा माझ्या बॅगेत ठेवला.

पहिले दोन दिवस बहीणभाऊ हवापाण्याचंच बोलत होते. दुसऱ्या रात्री वन्संनी कपाटात आडवी ठेवलेली एक काळी बाटली काढली आणि ओट्यावर उभी करून ठेवली. "उद्यापर्यंत गाळ खाली बसेल," म्हणाल्या. ती होती त्यांच्या लग्नाच्या सालातली व्हिंटेज पोर्ट. बाजारात आली तेव्हाच घेतलेली. माहेरचं कुणी आलं की फोडायची, असं दोघांनी ठरवलं होतं.

गोव्याच्या दुकानांतून 'पोर्ट' नावाने मिळते ती गोड वाइन निराळी. ही दोरू नदीच्या खोऱ्यातल्या द्राक्षांची. या खोऱ्याची हद्द १७५६ सालीच आखून दिलेली आहे. तिथे काही मळ्यांत अजूनही दगडी हौदात उतरून द्राक्षं पायांनी तुडवतात. रस आंबत असतानाच त्यात द्राक्षांचाच कडक अर्क घालतात. त्याने आंबणं थांबतं आणि गोडी शिल्लक राहते. म्हणून साध्या वाइनपेक्षा ही तेज असते, मद्यार्क सुमारे २० टक्के. एखाद्या साली पीक फारच उत्तम आलं, तर त्या एकाच सालाची व्हिंटेज करतात. ती लाकडी पिंपात सुमारे दोन वर्षं राहते आणि पुढे कित्येक वर्षं बाटलीतच मुरते. १९९४ हे असंच नावाजलेलं साल.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता वन्संनी बूच काढलं. मानेच्या मागे मेणबत्ती लावली आणि काचेच्या सुरईत, हात न हलवता, एका धारेत ओतायला लागल्या. आपण कढवलेलं तूप बेरी न ढवळता ओतून घेतो ना, अगदी तसं. मेणबत्तीच्या उजेडात मानेशी गाळाची काळी रेघ दिसली तशा त्या थांबल्या. तळाशी दोन बोटं गाळ राहिला.

लगेच थोडी चाखली. नाकाला अर्काचा झणका, जिभेवर तुरटपणा, बाकी काही नाही. "अजून मिटलेली आहे," वन्संचे यजमान म्हणाले. "तिला वारा लागू दे."

तासाभराने पुन्हा घोट घेतला. भिजवलेल्या काळ्या मनुका आणि मागे किंचित मिरी. आठ वाजता, जेवण आटोपल्यावर, सुके अंजीर, लवंग, कडवट चॉकलेट असं एकामागून एक येत राहिलं. तुरटपणा होता, पण आता तो टोचत नव्हता. गोडीला आधार देत होता.

तेवढ्यात हे एकदम म्हणाले, "ताई, बाबांनी तुझी पत्रं फाडली नव्हती. सगळी ट्रंकेत आहेत. फोडलेली, तारखेप्रमाणे लावलेली."

वन्संनी पेला खाली ठेवला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांनी विचारलं, "तारखेप्रमाणे?"

"हो. बाबांची सवय तुला ठाऊकच आहे."

त्या हसल्या, आणि मग रडल्या. ती ट्रंक ह्यांना मामंजी गेल्यावर सापडली होती. पण दोन मिनिटांच्या फोनवर असलं काही सांगता येतं का?

मी अर्धवेळ शिक्षिका आहे. जूनमध्ये तोंड न उघडणारी मुलं दिवाळीनंतर बोलायला लागतात, हे दर वर्षी पाहते. मुरायला बंद बाटली लागते, हे लोणचं घालणारीला सांगायला नको. पण मुरलेलं मोकळं व्हायलाही वेळ लागतो, आणि तेवढा वेळ समोर बसणारं माणूस लागतं. घाईने हलवलं तर नुसता गाळ वर येतो.

आणखी एक. व्हिंटेज पोर्ट एकदा फोडली की दोन-तीन दिवसांत संपवावी लागते. पुन्हा बूच लावून वर्षानुवर्षं ठेवता येत नाही.

येत्या दिवाळीला वन्सं येणार आहेत. सासूबाईंनी ती ट्रंक माळ्यावरून काढून घेतली आहे आणि रोज दुपारी पुसून ठेवतात.