चार हातांचे शुभेच्छापत्र

हाताने केलेल्या शुभेच्छापत्राचा कस सजावटीच्या आधी घडीत लागतो. यंत्रावर तयार होणाऱ्या कागदातील तंतू बहुतांशी एकाच दिशेला पसरलेले असतात. त्या दिशेला समांतर घातलेली घडी स्वच्छ बसते, तर आडवी घातलेली घडी जाड कागदावर फुटते आणि आतले तंतू उघडे पडतात. म्हणून जाणकार व्यक्ती कात्री लावण्यापूर्वी कागद उभा-आडवा हलकेच वाकवून पाहते, तो ज्या बाजूने सहज वाकतो तिकडची घडी धरते आणि शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टीच्या आधाराने रेघ दाबून घेते. महात्मा गांधींच्या प्रेरणेने के. बी. जोशी यांनी १९४० साली पुण्यात उभ्या केलेल्या संस्थेत सुती चिंध्यांच्या लगद्यापासून होतो तशा हातकागदात तंतू चहूकडे विखुरलेले असल्याने ही अडचण फारशी येत नाही. मात्र त्याची दातेरी कड कापून सरळ करायची की तशीच मिरवायची, यावरून पत्र मिळून करणाऱ्या दोन मैत्रिणींचे पहिले मतभेद होतात, आणि ते व्हावेतच.

मीरा रोड पूर्वेला १९८०च्या दशकापासून सेक्टरा-सेक्टरांनी वसत गेलेल्या शांती नगरात घरे बहुधा लहान असतात, त्यामुळे हा उद्योग जेवणाच्या टेबलावरच दुपारची आवराआवर झाल्यावर मांडावा लागतो आणि संध्याकाळच्या चहाआधी उचलावा लागतो. जागेच्या या टंचाईत आपोआप वाटणी होते: एकीकडे मापणे, कापणे आणि घडी, तर जिचा हात कलाकुसरीत मुरलेला आहे तिच्याकडे क्विलिंग, म्हणजे ३ किंवा ५ मिलिमीटर रुंदीच्या कागदी पट्ट्या सुईवर गुंडाळून त्यांना चिमटीने आकार देण्याचे काम. परंतु या वाटणीपेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी, की एकटीने काम करताना जे ज्ञान बोटांतच राहते त्याला शेजारी कुणी बसले की बोलावे लागते. गुंडाळी सुईवरून काढल्यावर किती सैल सोडायची हे कसबी मैत्रिणीच्या बोटांना कळत असते, पण “अंदाजाने गं” एवढ्याने नवशिकीचे भागत नाही. ती पुन्हा विचारते, तेव्हा उत्तर येते, की रुपयाच्या नाण्याएवढी झाली की टोक चिकटव, मग एका बाजूने दाब, पाकळी होते. असे सांगताना जी हे वर्षानुवर्षे करत आली तिलाही आपण नेमके काय करतो ते प्रथमच कळते.

शेजारी बसलेल्या मैत्रिणीचा दुसरा उपयोग थांबवण्याचा. मणी, लेस, चमकी समोर असताना हात आवरत नाही, आणि पैठणीच्या काठावरचा मोर बेतलेल्या पत्रावर वारली नर्तकही नाचू लागतात; अशा वेळी “आता पुरे” म्हणणारी व्यक्ती लागते, आणि ते म्हणण्याचा हक्क मैत्रीतच मिळतो.

पावसाळ्यात मात्र दोघींचेही काही चालत नाही. खाडी आणि मिठागरांच्या या दमट पट्ट्यात पाणी मिसळलेला डिंक वा पांढरा फेव्हिकॉल वाळता वाळत नाही, आणि ओल एकाच बाजूला लागल्याने कागद वाकडा होतो. त्यावर उपाय म्हणजे डिंक कडेपुरताच लावणे आणि पत्र जाड पुस्तकांखाली रात्रभर ठेवणे. (दिवाळी अंकांचे गठ्ठे इथे चांगले कामी येतात.)

लंडनच्या हेन्री कोल यांनी १८४३ साली नाताळपत्र छापून घेतले, ते प्रत्येकाला वेगळे लिहायला सवड नव्हती म्हणून. हातपत्राचा हिशेब नेमका उलटा, कारण त्यात आधी नाव ठरते आणि मग रंग. मराठी घरांतून संक्रांतीला पाकिटात हलव्याचे चार दाणे घालून पाठवली जाणारी छोटी पत्रे याच रीतीची होती. पाकीट पत्राहून चारही बाजूंनी सुमारे ३ मिलिमीटर मोठे ठेवले म्हणजे कडा दुमडत नाहीत, तरीही उठावाची पाकळी टपालाच्या शिक्क्याखाली चेपतेच, आणि म्हणून क्विलिंगची पत्रे सेक्टरातल्या सेक्टरात हाती द्यावीत. पुण्या-नाशिकला धाडायची ती सपाटच करावीत.