बाटलीतली हवा

कृष्णधवल छपाईसाठी कोणता डेव्हलपर चांगला, असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, महिन्यातून किती वेळा छापता? रोज ट्रे मांडणाऱ्या स्टुडिओला जे परवडतं, ते सवड मिळेल तेव्हा दार लावून लाल दिवा पेटवणाऱ्याला परवडत नाही. आणि नेसरीसारख्या ठिकाणी राहत असाल तर हवेचाही विचार करावा लागतो. चंदगड-आजऱ्याकडचा पाऊस एकदा बसला की घरातल्या मिठाला पाणी सुटतं. डार्करूमच्या फळीवरही तेच चालू असतं, फक्त पटकन दिसत नाही.

मी कोडॅकचं जुनं डी-72 घरीच तोलून बनवतो. लिटरला मेटॉल 3 ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट 45, हायड्रोक्विनोन 12, मोनोहायड्रेट सोडियम कार्बोनेट 80, पोटॅशियम ब्रोमाइड 2. पाणी 50 अंशांचं. आधी सल्फाइटची चिमूट, मग मेटॉल, ते पुरतं विरघळल्यावरच उरलेलं सल्फाइट. सगळं सल्फाइट आधी ओतलं तर मेटॉल विरघळायला तयार होत नाही. कागदासाठी एका भागाला दोन भाग पाणी. याचा काळा थंड आणि भरीव असतो. नेसरीच्या खिंडीत 24 फेब्रुवारी 1674 ला प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार पडले. तिथला पावसात भिजलेला कातळ कागदावर उतरवायचा तर तो करडा होऊन चालत नाही, म्हणून मला हेच सूत्र हवं.

आता त्या 80 ग्रॅमचं. निर्जल कार्बोनेट वापरलं तर 68 ग्रॅमच पुरतं, म्हणून पुष्कळजण ते घेतात. पण दमट हवेत उघडी पिशवी राहिली की ते पाणी ओढून हळूहळू मोनोहायड्रेट होतं. काटा 68 दाखवतो, आतला सोडा मात्र कमी भरतो आणि डेव्हलपर मंद पडतो. मोनोहायड्रेट आधीच पाणी घेऊन बसलेलं असतं, म्हणून आमच्या पावसाळ्यात तेच विश्वासाचं. ॲन्स्को 130 या सूत्राची गोष्ट आणखी वेगळी. त्यातल्या ग्लायसिनमुळे तयार द्रावण फार दिवस टिकतं, पण ग्लायसिनची पूड स्वतः जुनी झाली की तपकिरी पडते. ते घ्यायचं तर लागेल तेवढंच, आणि आणल्या आणल्या मिसळून टाकायचं.

तयार द्रावणाचा वैरी म्हणजे बाटलीतली रिकामी जागा. तिथल्या प्राणवायूने मेटॉल आणि हायड्रोक्विनोन खर्ची पडतात. सल्फाइट त्यांच्या आधी स्वतःला खर्च करतं, पण तेही किती दिवस? डी-72 च्याच जातीच्या डेक्टॉल या तयार पुडीच्या द्रावणाबद्दल कोडॅक सांगतं, गळ्यापर्यंत भरून बंद केलेल्या बाटलीत 6 महिने, अर्ध्या बाटलीत 2, ट्रेमध्ये एक दिवस. म्हणून मी लिटरभर एका बाटलीत कधीच ठेवत नाही. तपकिरी काचेच्या 250 मिलिलिटरच्या चार बाटल्या, काठोकाठ भरून, तारीख लिहून. लागेल तशी एकेक उघडायची. उरलीच अर्धी, तर आत काचेच्या गोट्या टाकून पातळी वर आणायची. पातळ प्लास्टिकमधून हवा आत शिरते, म्हणून पाण्याच्या बाटल्या या कामाला नकोत. आणि सरबताच्या तर अजिबात नकोत. घरात पोरं असतात.

तरी शंका येतेच. फिकट पिवळा रंग घाबरण्यासारखा नसतो, चहासारखा झाला तर द्रावण ओतून द्यावं. मधल्या छटांवर रंगावरून निकाल देऊ नये. कागदाचा तुकडा भर उजेडात धरावा, त्या बाटलीतून नुकत्याच पातळ केलेल्या 20 अंशांच्या द्रावणात एरवीइतकाच वेळ बुडवावा, आणि नवा डेव्हलपर मिसळला त्या दिवशी असाच काढून ठेवलेला काळा तुकडा, धुऊन सुकवलेला, शेजारी ठेवून खिडकीशी बघावा. दोन काळ्यांत फरक दिसला तर त्या बाटलीवर महागाचा फायबर कागद खर्च करू नये. पावसाळ्यात मी हे प्रत्येक बाटली उघडताना करतो, मे महिन्यातही, कारण तेव्हा खोलीचं पाणी 30 अंशांच्या आसपास जातं आणि ट्रे माठातल्या पाण्याच्या परातीत ठेवावा लागतो.