यजमान

'होस्ट सेल'ला मराठीत 'यजमान पेशी' म्हणतात. घरी हा शब्द उच्चारला तेव्हा काकू पदर तोंडाला लावून हसली. तिच्या पिढीत यजमान म्हणजे नवरा!

तिच्या यजमानांचं, म्हणजे आमच्या काकांचं, बेळगावात शहापूरला शिवणाचं दुकान आहे. गेल्या वर्षी रक्तदान केल्यावर त्यांना हेपॅटायटिस बी असल्याचं कळलं. तेव्हापासून त्यांचं ताट-पेला वेगळं झालं. कुणी ठरवलं नाही, झालं. हा आजार रक्तातून जातो, शरीरसंबंधातून जातो, बाळंतपणात आईकडून बाळाला जातो; पंक्तीतून जात नाही. हे मी चारदा सांगितलं. सगळ्यांनी लस टोचून घेतली, पण पेला वेगळा तो वेगळाच.

काकांचा प्रश्न मात्र दुसराच होता. "रोज गोळी घेतोय की मी, मग हा जात का नाही गं?"

मी त्यांना शिवणाच्याच भाषेत सांगितलं. हा विषाणू फार लहान. त्याच्या डीएनएत जेमतेम 3200 जोड्या. आपल्या जनुकांच्या एका संचात 300 कोटींच्या आसपास. त्यात तो येतो अर्धवट शिवलेला. आकार गोल, पण एक धागा अपुरा, टोकं सुटलेली. अशा तुकड्याचा काही उपयोग नाही. पण तो यकृताच्या पेशीत शिरून केंद्रकापर्यंत पोचतो, आणि तिथं आपली दुरुस्तीची विकरं, म्हणजे एन्झाइम्स, कामावर हजरच असतात. कापड कुणाचं, हे ती विचारत नाहीत. एक जण लोंबणारं टोक छाटतं, एक रिकामी जागा भरतं, लायगेज शेवटचा टाका घालतं. हे रफूकाम पुरं व्हायला मानवी पेशीतले पाच घटक पुरतात, असं 2020 मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. पाचांतला एकही विषाणूचा नाही! मग आपलंच आरएनए पॉलिमरेज त्या वर्तुळावरून प्रती काढत बसतं, जशा आपल्या जनुकांवरून काढतं तशाच.

विषाणू स्वतःचं असं एकच विकर आणतो, आरएनएवरून पुन्हा डीएनए लिहिणारं. काकांची गोळी, टेनोफोविर, त्यालाच अडवते. त्यामुळं नवा माल थांबतो, पण केंद्रकात शिवून बसलेलं वर्तुळ तसंच राहतं. गोळी बंद केली की पुन्हा सुरू.

"मग त्या आपल्या रफूवाल्यांनाच बसवा की घरी!"

कसं बसवणार? पेशी दुभंगायच्या आधी डीएनएची नवी प्रत जोडणारे हात तेच. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढंच आहे. टेनोफोविरसुद्धा पोटात जाताना तयार नसतं. आपल्याच पेशीतली विकरं त्याला दोन फॉस्फेट जोडतात, तेव्हा ते कामाला लागतं.

"म्हणजे गोळीपण कच्चीच येते म्हण," काका म्हणाले. होय, कच्चीच.

थोडा वेळ ते काज करत बसले. मग मान वर न करता विचारलं, "मे महिन्यात पोरगी येतीय बाळाला घेऊन. नातवाला मांडीवर घेतलं तर चालंल न्हवं?"

घ्या की, म्हटलं. मांडीवर घेऊन काही होत नाही. आणि त्याला तर जन्मल्यावर 24 तासांच्या आत लस टोचलीय.