न पाहिलेलं बर्मिंगहॅम

रात्रीचा दीड. सकाळी व्हायवा. अभ्यासासाठी म्हणून लॅपटॉप उघडला आणि... हॉस्टेलवाल्यांना पुढचं सांगायला नकोच! यूट्यूबवर एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं करत मी थेट इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला पोहोचले. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात.)

फिल्मचं नाव 'टेली सावलास लुक्स ॲट बर्मिंगहॅम', साल १९८१. 'कोजॅक' मालिकेतला तो टकलू अमेरिकन डिटेक्टिव्ह खर्जातल्या आवाजात शहराचं कौतुक करतोय. रस्त्यांचं, चौकांचं, अगदी झुडपांचंसुद्धा! रूममेट आणि मी हसून लोळलो. मग कळलं, हे गृहस्थ म्हणे बर्मिंगहॅमला कधी गेलेच नव्हते. लंडनच्या स्टुडिओत बसून कॉमेंट्री वाचली, झालं! अबर्डीन आणि पोर्ट्समथचंही असंच कौतुक त्यांनी केलंय.

निर्माता हॅरॉल्ड बेम (१९१४-१९९६). १९४० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत हा माणूस अशा छोट्या फिल्म आणि प्रवासपट काढत राहिला. तेव्हा थिएटरात मोठ्या पिक्चरआधी छोटी फिल्म लागायची. हॉलिवूडपुढे आपला धंदा बुडू नये म्हणून ब्रिटनने १९२७ मध्ये कायदाच केला, की थिएटरांनी ठरावीक प्रमाणात ब्रिटिश फिल्म दाखवायच्याच. पुढे 'ईडी लेव्ही' आली. तिकिटाच्या पैशातला थोडा वाटा एका फंडात जायचा आणि ब्रिटिश निर्मात्यांना गल्ल्याच्या प्रमाणात मिळायचा. १९५७ मध्ये ती सक्तीची झाली, १९८५ मध्ये बंद पडली. म्हणजे आपली छोटी फिल्म हिट पिक्चरला चिकटली की चांदी! ती बघायला म्हणून तिकीट कुणीच काढत नसे.

बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "अगं, आमच्याकडे फिल्म्स डिव्हिजनचं तेच होतं. डॉक्युमेंटरी संपेपर्यंत आम्ही बाहेर वडे खायचो!"

माझं हसणं मात्र त्या रात्रीच थांबलं होतं. टेबलावर माझा इंडस्ट्रियल व्हिजिटचा रिपोर्ट पडला होता. व्हिजिट फाउंड्रीची. त्या दिवशी मी तापाने रूमवर. मैत्रिणीचे फोटो, थोडं गूगल, आणि सहा पानं भरून 'आम्ही पाहिले', 'आम्हाला जाणवले'! सरांनी तो वर्गात वाचून दाखवला होता. टेली सावलासला हसणारी मी कोण?

व्हायवाला एक्स्टर्नलनी रिपोर्ट चाळला. भट्टीचं तापमान विचारलं, मी फाडकन सांगितलं. मग चष्मा काढून म्हणाले, "आत शिरल्यावर वास कसला आला?"

पोटात गोळा आला. फोटोला कुठे वास असतो?

"सर, मी गेलेच नव्हते."

मार्क गेले ते गेलेच. सरांच्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत झाली नाही. रात्री ती फिल्म पुन्हा लावली. या वेळी आवाज बंद करून. तेव्हा लक्षात आलं, आवाज गेला नसेल, पण बेमचा कॅमेरा गेला होता! रस्ते, गाड्या, माणसांचे कपडे, सगळं रंगीत आणि खरं. ते शहर आता तसं उरलेलं नाही. १९७४ मध्ये उघडलेली तिथली मोठी सेंट्रल लायब्ररीसुद्धा २०१६ मध्ये पाडली. पिक्चरआधीची भरताड म्हणून काढलेली ही फिल्म आज जुनं शहर बघायला लोक शोधून लावतात. माझ्या रिपोर्टात तर कॅमेराही माझा नव्हता.

सुट्टीत काकांच्या ओळखीने कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत गेले. दोन तास नुसती उभी राहून बघत होते. घरी येऊन एकच पान लिहिलं. त्याला मार्क नाहीत, सबमिशनही नाही.

आणि हो, वास जळक्या वाळूचा येतो. दोनदा धुतला तरी ओढणीतून गेला नाही!